बहिणीने भरलेले बावीस हप्ते

प्रिय बंधू,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. उत्तर देण्यापूर्वी त्यातील हकिगत वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही 33 वर्षांचे आहात आणि पुणे जिल्ह्यातील एका गावात आईसोबत राहता. तुमचे वडील शिक्षक होते. ते 2019 मध्ये वारले आणि तेव्हापासून घर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर चालते. मित्राबरोबर साउंड सिस्टीमचा धंदा करण्यासाठी तुम्ही एका सहकारी बँकेतून साडेचार लाखांचे कर्ज घेतले, धाकटी बहीण त्याला जामीन राहिली आणि वर्षभरातच मित्र बाजूला झाला. सुमारे 12 हजारांच्या 48 हप्त्यांपैकी पहिले 6 तुम्ही भरले आणि पुढचे 22 बहिणीने आपल्या परिचारिकेच्या पगारातून भरले. आता तिचे लग्न ठरले आहे, आणि लग्नानंतर आपण एकही हप्ता भरणार नाही असे तिने घरात स्पष्ट सांगितले आहे. मधल्या काळात तुम्हाला दोन नोकऱ्या चालून आल्या, एक चाकणच्या गोदामात 18 हजारांची आणि दुसरी एका शाळेच्या कार्यालयात. परंतु प्रार्थना करूनही मनाला शांती मिळाली नाही म्हणून तुम्ही दोन्ही नाकारल्या. आठवड्यातले चार दिवस तुम्ही मंडळीच्या कामात असता आणि उपासनेत कीबोर्ड वाजवता. मामांनी बहिणीची समजूत घालावी, अशी खटपट आईने चालवली आहे. तुमचा प्रश्न असा, की एकमेकांची ओझी वाहावीत असे शास्त्र सांगत असताना बहिणीने असे हात झटकणे ख्रिस्ती प्रेमाला शोभते काय?

या प्रश्नाचे उत्तर मी देणारच आहे. मात्र माझे लक्ष तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यावर खिळून राहिले. आपण अजून कोणाची तरी वाट पाहत थांबलेला लहान मुलगाच आहोत असे कधीकधी वाटते, असे तुम्ही तिथे लिहिले आहे. बाकीचे पत्र तुम्ही बहिणीविषयी लिहिले आणि ते वाक्य तेवढे स्वतःविषयी लिहिले, म्हणून मला ते सर्वांत खरे वाटते.

आधी बहिणीविषयी. तिने कोणताही अन्याय केलेला नाही, हे मी कसलीही मुरड न घालता सांगते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील दुसऱ्या वचनाचा आधार तुम्ही घेतला आहे. त्याच अध्यायात तीन ओळी खाली, पाचव्या वचनात, प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे असेही पौल लिहितो, आणि ते वचन तुमच्या पत्रात कुठेही नाही. ही दोन वचने एकमेकांच्या विरोधात आहेत असे अनेकांना वाटते. मूळ ग्रीक मजकुरात मात्र दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील शब्द 'बारोस' हा आहे. त्यातून माणसाला चिरडून टाकणारे, एकट्याच्या ताकदीबाहेरचे वजन सूचित होते. पाचव्या वचनातील शब्द 'फोर्तिओन' हा आहे. ज्याने त्याने वाहून न्यायचे नेमून दिलेले ओझे, असा त्याचा अर्थ, आणि प्रेषितांच्या कृत्यांत जहाजावरील मालासाठीही तोच शब्द आला आहे. तुमचे वडील गेले आणि त्यानंतर तुमचा धंदा बसला, तेव्हा तुमच्यावर पडले ते पहिल्या प्रकारचे ओझे होते, आणि बहिणीने खांदा दिला तो त्याला. त्यानंतर तुम्हाला उभे राहायला जवळजवळ दोन वर्षांचा अवधी मिळाला, दोन नोकऱ्या समोर आल्या, आणि त्या नाकारल्यानंतरचा प्रत्येक हप्ता हा तुमच्या वाट्याचा भार होता. तो तिने उचलला यात तिचा चांगुलपणा होता. तो तिने आयुष्यभर उचलत राहावा, असा हक्क शास्त्राने तुम्हाला दिलेला नाही.

नव्या करारात दुसऱ्याचे देणे आपल्या अंगावर घेण्याचा एक फार हृद्य प्रसंग आहे. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत जायला निघतो, तेव्हा त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी ते फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. हे पत्र वाचताना मला नेहमी दोन गोष्टी दिसतात. पौलाने हे आपखुशीने केले; अनेसिमाने त्याच्याकडे ते मागितल्याचा किंवा तो आपला हक्क मानल्याचा एकही शब्द तिथे नाही. आणि देणे पौलाने अंगावर घेतले तरी फिलेमोनाच्या दारात तोंड दाखवायला अनेसिमालाच जावे लागले. तुमच्या बहिणीचे 22 हप्ते पौलाच्या त्या ओळीसारखे आहेत. दाराशी जाणे मात्र अजून बाकी आहे.

कायद्याची बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी, कारण बहिणीने 'हात झटकले' असे तुम्ही लिहिता तेव्हा तिचा हात अजूनही किती अडकलेला आहे याची तुम्हाला कल्पना नसावी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक तुमच्याकडे न येता थेट तिच्याकडे वसुलीसाठी जाऊ शकते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, आणि त्याचा डाग तुमच्याबरोबर तिच्याही पतनोंदीवर पडू शकतो. लग्नानंतर तिला आणि तिच्या पतीला घरासाठी कर्ज हवे असेल, तेव्हा तुमचा थकलेला हप्ता त्यांच्या अर्जासमोर उभा राहील. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांना जो इशारा दिला आहे, त्यात अंगाखालचे अंथरूणही ओढून नेले जाईल असे म्हटले आहे. तो धोका तिने तुमच्यावरील प्रेमापोटी पत्करला, आणि तो दूर करणे हे तिच्या लग्नात तुम्ही द्याल त्या कोणत्याही आहेरापेक्षा मोठे आहे.

घराविषयीही एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण 'शेवटी घर माझ्याच नावावर होणार, तेव्हा तिचे पैसे देईन' असे एक वाक्य तुमच्या पत्रात आले आहे. घर वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो, आणि त्याप्रमाणे एक तृतीयांश आईचा व उरलेले दोन तृतीयांश मुलगा आणि मुलगी यांचे समसमान ठरतात. तुम्ही दोघेच भावंडे आहात, म्हणजे तिघांचा वाटा सारखा. तिचे देणे तिच्याच वाट्यातून फेडण्याचा विचार मनातून काढून टाका.

आता त्या शांतीविषयी. 'प्रार्थना केली पण मनाला शांती मिळाली नाही' हे वाक्य मी आपल्या मंडळ्यांमध्ये इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याच्याविषयी जरा विस्ताराने बोलणे मला आवश्यक वाटते. ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, अशा अर्थाचे वचन कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि आपण हे वाक्य बहुधा त्याच्याच आधाराने बोलतो. परंतु ते वचन पूर्ण वाचले, तर एका शरीराचे अवयव म्हणून तुम्हाला त्या शांतीसाठी बोलावले आहे असे पौल पुढे लिहितो, आणि त्याच्या आधीच्या ओळी क्षमा, सहनशीलता आणि प्रीती यांविषयी आहेत. एकत्र राहणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हा तिथला विषय आहे. नोकरी स्वीकारावी की नाही याची खूण पोटात जाणवावी, असे तिथे सांगितलेले नाही. गेथशेमाने बागेत आपला प्रभू घोर मनोयातनेत होता, लूक त्याच्या घामाला रक्ताच्या थेंबांची उपमा देतो, आणि तरीही पित्याची इच्छा काय आहे हे त्याला ठाऊक होते व ती त्याने केली. भीती वाटणे, छातीत धडधडणे, रात्री झोप न लागणे ही नव्या कामाच्या उंबरठ्यावरची माणसाची साधी अवस्था आहे, आणि तिला देवाचा नकार समजल्यामुळे तुमची दोन वर्षे गेली. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपले आजोबा-पणजोबा ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे. आपण फक्त त्यातला हरी बदलला आणि खाटले तसेच ठेवले, असे व्हायला नको.

चाकणची नोकरी नाकारताना रविवारची पाळी हेही एक कारण तुम्ही दिले आहे. उपासनेची ओढ मी कमी लेखत नाही. परंतु तुमची बहीण रुग्णालयात कितीतरी रविवारी काम करते, त्या रविवारांच्या पगारातून तुमचे हप्ते गेले, आणि तिच्या विश्वासाविषयी तुम्हाला कधी शंका आलेली दिसत नाही.

याच ओघात तुम्हाला न आवडणारी एक गोष्ट लिहिते, आणि ती लिहिताना माझ्या मनात तुमच्याविषयी किंचितही अनादर नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू 'कुर्बान' या प्रथेविषयी बोलतो. आईवडिलांच्या उपयोगी पडले असते ते मी देवाला अर्पण केले आहे असे जाहीर केले, की त्यांच्यासाठी काही करण्याचे बंधन राहत नाही, असे त्या काळचे काही धर्मशिक्षक शिकवत होते, आणि देवाची आज्ञा रद्द करण्यासाठी देवाचेच नाव वापरता, असे प्रभूने त्यांना फटकारले. तुम्ही आठवड्यातले चार दिवस देवाच्या कामाला देता, आणि तुमची आई एका निवृत्तिवेतनात दोन माणसांचे जेवण, वीज आणि स्वतःची औषधे बसवते. तुमच्या बोटांत संगीत आहे ही देवाची देणगी आहे आणि ती मंडळीच्या उपयोगी पडावीच. मात्र त्यासाठी रविवारची सकाळ आणि सरावाची एक संध्याकाळ पुरते. उरलेले तीन दिवस देव तुमच्याकडे मागत नाही असे मी ठामपणे म्हणते, कारण आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात जे लिहिले आहे, त्याहून कठोर शब्द पौलाच्या पत्रांत फार थोडे आहेत.

तुमच्याच जिल्ह्यातले केडगाव तुम्ही पाहिले असेल. पंडिता रमाबाईंइतका प्रार्थनेवर भार ठेवणारी व्यक्ती महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात क्वचितच सापडेल. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या मुलींना केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली गेली. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकत बसल्या आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या कामात होत्या. त्यांच्या दिवसात प्रार्थना आणि श्रम यांना दोन वेगळी दालने नव्हती.

वडिलांविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला वाईट वाटले. शाळा, विषय, मित्र, अगदी सदऱ्याचा रंगही पप्पाच ठरवायचे, आणि त्यामुळे निर्णय घेण्याची सवयच लागली नाही, हे तुमचे म्हणणे खोटे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. अशा घरांतून आलेली अनेक मुले मी पाहिली आहेत. ती तिशीत येतात तेव्हा हॉटेलात काय मागवावे इथपासून त्यांना घाम फुटतो. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या लोकांमध्ये यहेज्केल संदेष्टा होता, आणि त्या हद्दपार लोकांच्या तोंडी एक म्हण बसली होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ती म्हण त्यांच्या परिस्थितीत बरीचशी खरीही होती, कारण आधीच्या पिढ्यांच्या चुका ते खरोखरच भोगत होते. तरीही यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव ती म्हण बंद करायला सांगतो आणि प्रत्येक जीव आपला स्वतःचा आहे, ज्याचा त्याचा हिशोब त्याच्यापाशी मागितला जाईल, असे बजावतो. मला त्या अध्यायात शिक्षेपेक्षा सुटका अधिक दिसते. वडिलांनी तुम्हाला जे शिकवले नाही ते तुम्ही शिकूच शकणार नाही, असे त्या म्हणीचे म्हणणे होते, आणि देवाने ते नाकारले. दृढीकरणाच्या वर्गात मी बरीच वर्षे शिकवले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी तुमच्या वतीने दिलेली वचने आता तुम्ही स्वतः घेता काय, असे विचारले की मुले एका सुरात होकार देतात. म्हणून मी त्यांना सरावाच्या वेळी एकेक करून उभे करत असे, आणि एकट्याने 'होय, मी घेतो' म्हणताना कित्येकांचा आवाज कापत असे. तुम्हीही ते कधीतरी म्हटले आहे.

तेव्हा मामांना थांबवा. योहानाच्या नवव्या अध्यायात दृष्टी मिळालेल्या माणसाविषयी विचारल्यावर त्याचे आईबाप म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. ते बिचारे सभास्थानातून काढले जाण्याच्या भीतीने तसे बोलले. पण मुलगा मात्र खरोखर स्वतः बोलला, आणि निर्भयपणे बोलला. बहिणीशी तुम्ही एकट्याने, आईही समोर नसताना बोला. तिला समजावून सांगण्यासारखे तुमच्याकडे काही नाही, म्हणून संभाषण लांबवू नका. 22 हप्ते तू भरलेस, ते माझे होते, ही रक्कम सुमारे 2 लाख 64 हजार होते आणि ती मी तुला परत देणार आहे, एवढे बोला आणि तेच एका कागदावर लिहून, सही करून तिच्या हातात द्या. ती कदाचित नको म्हणेल. नको म्हणण्याचा अधिकार तिचा आहे; देऊ करण्याचे काम तुमचे आहे.

त्या आधी बँकेत जा. हप्ता थकल्यावर गेलेल्या कर्जदारापेक्षा थकण्यापूर्वी गेलेल्या कर्जदाराचे म्हणणे शाखेत अधिक शांतपणे ऐकले जाते. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का हे विचारा, पण तसे केल्यास एकूण व्याज वाढते हेही लक्षात ठेवा. मित्राच्या खोलीत धूळ खात पडलेले स्पीकर आणि मिक्सर विकून टाका. मिळतील ते पैसे थेट कर्जखात्यात भरा. एक हप्ता भागवण्यासाठी मोबाइलवरील झटपट कर्जाच्या ॲपकडे किंवा विनापरवाना सावकाराकडे अजिबात वळू नका. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि अशा ठिकाणाहून आणलेला पैसा तुम्हाला आणखी खोल नेईल. नोकरीसाठी चाकणला पुन्हा विचारा. जागा भरली असेल, तर तशाच दुसऱ्या कामासाठी याच आठवड्यात अर्ज करा, आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना कीबोर्ड शिकवायला सुरुवात करा. 18 हजारांतून 12 हजार बँकेला गेल्यावर फारसे उरणार नाही, ते मला दिसते. पण 20 हप्त्यांनी कर्ज संपेल, आणि पुढचे 22 महिने तेच 12 हजार बहिणीच्या खात्यात गेले तर साडेतीन वर्षांत तुम्ही दोन्ही देण्यांतून मोकळे व्हाल. थेस्सलनीकातील काही जण काम सोडून बसले होते, आणि प्रभूच्या आगमनाची वाट पाहण्याशी त्याचा संबंध असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असे पौल त्यांना लिहितो. पण पाचच वचनांनंतर अशा माणसाला शत्रू न मानता भाऊ म्हणून बोध करा, असेही तो सांगतो. हे पत्र त्याच भावनेने वाचा.

एका शक्यतेविषयी मात्र तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. सकाळी उठण्याचेच बळ नसणे, आवडत्या वाद्याचाही कंटाळा येणे, जगू नये असे वाटणे, यांपैकी काही कित्येक आठवड्यांपासून होत असेल, तर तो आळस नाही आणि विश्वासाची उणीवही नाही. तो आजार असू शकतो, म्हणजे गलतीकरांस पत्रातल्या त्या पहिल्या प्रकारचे ओझे, आणि ते एकट्याने वाहायचे नसते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. पाळकसाहेबांनाही सांगा, आणि त्यांनी फक्त प्रार्थना करून पाठवले, तर डॉक्टरांकडे सोबत येण्याची विनंती त्यांना करा.

जबाबदारी घेणे म्हणजे देवाला बाजूला सारून स्वतःच्या बळावर उभे राहणे, अशी भीती काही भाविकांना वाटते, आणि तुमच्या पत्रातही ती डोकावते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपले तारण भीत व कापत साधून घ्या असे पौल सांगतो आणि त्याच दमात, कारण इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्या ठायी देवच घडवून आणतो, असे लिहितो. त्याला या दोन गोष्टींत काही अडचण दिसत नाही. आणि माझे ओझे हलके आहे, असे प्रभू मत्तयाच्या अकराव्या अध्यायात म्हणतो तेव्हा तिथे ओझ्यासाठी आलेला शब्द 'फोर्तिओन' हाच आहे, ज्याने त्याने वाहायचा तोच भार. तो तुमच्या खांद्यावरून काढून घेण्याचे वचन तिथे नाही. त्याच्याबरोबर जुवाखाली चालण्याचे निमंत्रण आहे.

आईच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे एटीएम कार्ड तुमच्या पाकिटात असते, असे तुम्ही तिसऱ्या पानावर सहज लिहून गेला आहात. ते आज संध्याकाळी तिच्या हातात द्या, आणि तिच्या औषधांचे मागच्या महिन्याचे बिल तिच्याकडून मागून घ्या.

तुमची बहीण ख्रिस्तात,
सदर लेखिका